पाणी, लोखंड, देऊळ

काकूंना दिसायचं, आणि काकू खोटं बोलत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी एका ढोंगी बाईला उघडं पाडलं. ढोंगी माणूस पकडणं सोपं असतं. काकू डोंबिवलीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यात, कुणाकडून नारळसुद्धा घेत नाहीत. हरवलेल्या माणसाचा फोटो हातात धरून डोळे मिटायचे, आणि जे दिसेल ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना दिसतं की नाही हा प्रश्नच नव्हता. दिसतं ते असतं का, हा प्रश्न होता. आणि तो माझ्या डोक्यात आला नाही, कळव्याच्या एका म्हातारीने तो मला विचारला.

मी ठाण्यात एका खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करते. हे सांगितलं की लोक मला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतात. माझं काम खुर्चीवरचं आहे. आलेल्या माणसाकडून माहितीचा फॉर्म भरून घ्यायचा, फिरतीवरची माणसं आणतील ते अहवाल टाइप करायचे, फाइल लावायची. लग्नाआधीच्या चौकश्या जास्त, हरवलेली माणसं कमी. त्याआधी अकरा वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासत होते. कारखाना बंद झाला, मी इकडे आले. दोन्हीकडे काम एकच: कुणीतरी सांगतं की माल असा असा आहे, आणि आपण बघायचं की तो तसा आहे का.

आमचे साहेब सरकारी गुप्तवार्तेतून निवृत्त झालेले. माणूस हुशार, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की निघत नाही. दीड वर्षापूर्वी कल्याणचा एक तरुण घरातून निघून गेला होता. साहेबांच्या पत्नीने सहज काकूंचं नाव सुचवलं. काकू म्हणाल्या, “पाणी दिसतंय, लोखंड दिसतंय, जवळ देऊळ आहे.” चार दिवसांनी तो तरुण ठाण्यात तलावपाळीवर भेळ खाताना सापडला. तलाव, त्याचा लोखंडी कठडा, पलीकडे देऊळ. साहेबांनी त्याच दिवशी एक जाडजूड वही आणली आणि तिच्यावर “काकू” असं लिहिलं.

तेव्हापासून हरवलेल्या माणसाची फाइल आली की आधी फोटो काकूंकडे आणि मग माणसं फिरतीवर, असा शिरस्ता पडला. मला ते पटत नव्हतं, पण कुणाचं नुकसानही होत नव्हतं. एकदा चहाच्या वेळी मी बोलले तेव्हा साहेब म्हणाले, “मॅडम, सातासमुद्रापलीकडच्या बड्या देशांनी हेरगिरीसाठी अशी माणसं पगारावर ठेवली होती. बंद खोलीत बसून शत्रूचा तळ कुठे आहे ते सांगायची.”

“मग पुढे?”

“पुढे बंद केलं ते खातं.”

“का बंद केलं?”

साहेबांनी बराच वेळ चहा ढवळला. “तेवढं वाचायचं राहिलं,” म्हणाले.

कळव्याचा म्हातारा कार्तिकी अमावास्येला सकाळी घरातून निघाला. वय ऐंशीच्या आसपास, आठवण गेलेली, पायाने मात्र ठणठणीत. घर आगरी, पूर्वीपासून तिथलं. आता जमिनीवर दोन इमारती उभ्या आहेत आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर हे राहतात. तिसऱ्या दिवशी मुलगा आमच्याकडे आला. फॉर्म त्यानेच भरला. व्यवसाय या रकान्यात त्याने “जमीनमालक” असं लिहिलं. मी वाचलं आणि पुढचा रकाना दाखवला. ही चूक माझी, आणि ती मी आजही दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

काकूंनी फोटो पाहिला आणि या वेळी त्यांना जरा जास्तच स्पष्ट दिसलं. नदी आहे, वरून लोखंडी पूल जातोय, शहाडजवळचा भाग वाटतो. म्हातारबाबा पाण्यात आहेत. जिवंत नाहीत. साहेबांनी ते माझ्याकडून टाइप करून घेतलं, काकूंची सही घेतली आणि मुलाला बोलावून हलक्या आवाजात सांगितलं. आमचा फिरतीवरचा माणूस, जो तोवर कळवा-मुंब्र्याच्या चहाच्या टपऱ्यांवर फोटो दाखवत हिंडत होता, त्याला उचलून शहाडला लावला. घरची मंडळीही तिकडेच. उल्हास नदीच्या काठाने सात दिवस लोक पाण्यात बांबू घालत होते.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, मुलगा आईला घेऊन ऑफिसात आला. त्याला आमच्याकडून एक कागद हवा होता, की शोध केला आणि माणूस मिळाला नाही. भटजींनी सांगितलं होतं की देह मिळत नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. दिवसही काढून दिला होता: दत्तजयंतीचा दुसरा दिवस, बुधवार.

“मॅडम, पोरं दहा दिवस कामाला नाही गेलेली,” मुलगा म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “आई नीट जेवत नाही. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. निदान सुतकात आहोत का नाही ते तरी कळेल.”

तो वाईट माणूस नव्हता, थकला होता.

म्हातारी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळावर आडवं कुंकू. साहेब मुलाला आत घेऊन गेले तशी ती खुर्ची ओढून माझ्या टेबलाला भिडली.

“बाय, तू लिवतेस ना ह्ये सगलं?”

“हो.”

“मंग मला येक सांग. ती डोंबिवलीची बाय खरी का खोटी?”

“खोटी नाही हो. भली बाई आहे.”

“भली तर मी पन हाय. मी इचारतंय, तिला बरोबर दिसतंय का? बरोबर दिसत आसंल, तर बुधवारी मी बांगड्या फोडून घेतंय. रडनार पन नाय. पन चूक दिसत आसंल, आनि माजा मानूस जिता आसंल, तर माज्या हातानं मी त्याला जालू?”

मी म्हटलं, “मला रविवारपर्यंतचा वेळ द्या.”

“दिला,” ती म्हणाली, जणू साहेब तीच होती.

कारखान्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. बाटलीवर फक्त आकडा असतो. कुठली बाटली कुठल्या पिंपाची, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं की डोळे आपोआप दयाळू होतात. आणि अधूनमधून एकाच पिंपाच्या दोन बाटल्या वेगवेगळे आकडे टाकून पाठवायच्या. निकाल वेगळे आले, तर दोष मालात नसतो, तपासणाऱ्यात असतो. मी ठरवलं, हेच करायचं. दुसरी विद्या मला येत नाही.

शुक्रवारी जुन्या फाइली काढल्या. काकूंनी सांगितलेली आणि नंतर सापडलेली अशी दहा माणसं होती. साहेबांच्या वहीत दहाच्या दहा “बरोबर” म्हणून नोंदलेली. मी काकूंचं म्हणणं दहा चिठ्ठ्यांवर उतरवलं, नावं काढून. दुसऱ्या दहा चिठ्ठ्यांवर, तो माणूस प्रत्यक्ष सापडला त्या जागेचं वर्णन. दोन्ही गठ्ठे पिसून साहेबांच्या टेबलावर ठेवले.

“जोड्या लावा,” मी म्हटलं.

“हे काय, मॅडम, बालवाडी?”

“तुम्हीच म्हणता ना, अगदी डोळ्यांपुढे असल्यासारखं सांगतात. मग लागतील जोड्या.”

साहेबांना आव्हान आवडतं. चष्मा पुसून बसले. पाऊण तास लागला. मध्येच फिरतीवरचा माणूस शहाडहून आला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, आणि पाठीमागे उभा राहून बघू लागला. शेवटची जोडी लागल्यावर मी फाइली उघडल्या.

दहात एक बरोबर निघाली.

“एक तरी आली ना!” साहेब म्हणाले.

मी चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या आणि फिरतीवरच्या माणसाला म्हटलं, “डोळे मिट, आणि लाव.” त्याने पालथ्या चिठ्ठ्यांच्या जोड्या लावल्या. एक बरोबर. पुन्हा लावल्या, एकही नाही. तिसऱ्यांदा दोन.

“ताई, मी काकूंपेक्षा भारी आहे की,” तो म्हणाला.

साहेब हसले नाहीत. “पण प्रत्येक वेळी अहवालात जुळलेलं असतं, ते कसं?”

मी फिरतीवरच्या माणसाकडे बघितलं. तो कान खाजवत म्हणाला, “साहेब, रागावू नका. तुम्हाला आवडतं म्हणून... माणूस सापडला की मी आजूबाजूला बघतो, पाणी कुठे आहे, देऊळ कुठे आहे. असतंच ना. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सांगा मला अशी जागा, जिथून दहा मिनिटांत पाणी, लोखंड आणि देऊळ लागत नाही. एका बाजूला खाडी, मधून रूळ, नाक्यानाक्यावर मारुती. त्या भिवंडीच्या मुलीच्या वेळेला तर मी टाकीच लिहिली पाण्याची.”

“टाकी?”

“सिंटेक्सची, साहेब. गच्चीवरची.”

बिचारा लबाड नव्हता. साहेबांना काय वाचायला आवडतं ते त्याला माहीत होतं, आणि तो तेवढंच लिहून आणत होता.

शनिवारी काकूंकडे गेले. आडून काही केलं नाही, सरळ सांगितलं की मला तुमची परीक्षा घ्यायची आहे, आणि का घ्यायची तेही सांगितलं. म्हातारीच्या बांगड्यांचंही सांगितलं.

“अगं, घे की,” काकू म्हणाल्या. “तीस वर्षं पोरांना पेपर दिले. आता मी सोडवते. पण नापास झाले तर?”

“तर तसं सांगीन.”

“घरी जाऊन सांगू नकोस. इथेच सांग, तोंडावर.”

पाकिटात सहा फोटो होते. ते मी नव्हते निवडले, फिरतीवरच्या माणसाने निवडले होते. सगळी माणसं सापडलेली, ठावठिकाणा ठाऊक असलेली, काकूंनी कधी न पाहिलेली. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की एक माणूस दोनदा घाल, तरुणपणचा आणि आत्ताचा. मी काकूंसमोर बसलेही नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं असतं, त्यांच्या नकळत आणि माझ्याही नकळत. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, मग त्यांची मेथी निवडून दिली. प्रत्येक फोटोखाली काकूंनी आपल्या हाताने लिहायचं आणि सही करायची, असं ठरलं होतं. सुंदर अक्षर आहे त्यांचं, फळ्यावरचं.

तासाभराने पाकीट उघडलं, तेव्हा मला कळलं की दोनदा घातलेला माणूस माझा नवरा आहे. फिरतीवरच्या माणसाने परस्पर घरी फोन करून त्याच्याकडून फोटो मागवले होते. बावीस वर्षांच्या, मिशीवाल्या नवऱ्याखाली काकूंनी लिहिलं होतं: “पाण्याजवळ. जीव घाबरा. बहुधा हयात नाही.” पंचावन्न वर्षांच्या टक्कलवाल्या नवऱ्याखाली: “दूर आहे. डोंगराळ भाग. प्रकृती उत्तम, घरची ओढ नाही.”

तो माणूस त्या वेळी दोन गल्ल्यांपलीकडे सोफ्यावर पडून क्रिकेट बघत होता. बाकीच्या चारांतलं एकही धड जुळलं नाही.

“काकू,” मी म्हटलं, “हे दोन्ही माझे यजमान आहेत.”

काकूंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, खाली केला. चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत.

“पण मला दिसलं गं,” म्हणाल्या. “हा पाण्याजवळ होता. अगदी स्वच्छ दिसलं.”

“दिसलं असेल. पण तो तिथे नव्हता.”

“नाही,” त्या म्हणाल्या. मग फोटो पाकिटात घालता घालता, “म्हणजे मी त्या कळव्याच्या बाईला उगाचच...”

“तुम्ही दिसलं ते सांगितलंत. माणसं हलवली ती आम्ही.” हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलं नाही. वस्तुस्थिती तशीच होती. तरी काकूंनी त्या दिवशी मला दारापर्यंत सोडलं नाही, हेही खरं.

पुढे सोशल मीडियावर ही गोष्ट गमतीने सांगणार होता आमचा फिरतीवरचा माणूस. मी त्याला दम दिला. ऑफिसात मात्र त्याने सोडलं नाही. “ताई, भाऊजींना घरची ओढ नाही म्हणे,” असं तो अजून महिन्यातून एकदा विचारतो.

रविवारी सकाळी कळव्याला गेले. म्हातारी गॅलरीत पाटावर बसून सुकट साफ करत होती. सातव्या मजल्यावर, खाली खाडी. मी सांगितलं: त्या बाईंना दिसतं ते भरवशाचं नाही. तुमचा माणूस गेलाय असं त्यावरून म्हणता येत नाही. आहे असंही म्हणता येत नाही. इतकंच, की जसं काहीच माहीत नव्हतं तिथे आपण परत आलोय.

“मंग बुधवारी मी काय बी फोडनार नाय,” ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

मी उठणार होते. काम झालं होतं. पण अकरा दिवसांत फॉर्मवर, वहीत, अहवालात, कुठेच या बाईचं एक वाक्य नव्हतं, हे तेव्हा एकदम लक्षात आलं. आम्ही फॉर्म भरायला येईल त्याला विचारत होतो, मग काकूंना विचारत होतो. जिने त्या माणसाबरोबर साठ वर्षं काढली, तिला विचारायचा रकानाच नव्हता.

“आजी, तुम्हाला काय वाटतं? कुठे गेले असतील?”

तिने सूप बाजूला ठेवलं.

“शहाडला नाय जेला. शहाडला नदी. गोरं पानी. तिथं भरती येते का?”

“गोरं म्हणजे?”

“गोरं, गं. मीठ नसलेलं. माज्या मानसानं उभा जल्म मिठागरात काढला. गोऱ्या पान्याला तो कशाला जातोय?”

फॉर्मवरचा “जमीनमालक” माझ्या डोळ्यांसमोर आला.

तिने सांगितलं ते असं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचं ते उधाणाला, अमावास्येला आणि पुनवेला, भरती सगळ्यांत मोठी असते तेव्हा. बांधाला एक लाकडी दार असतं, तिला उघाडी म्हणतात. पाणी चढलं की ती उघडायची, आगर भरलं की बंद करायची. चुकलं तर बांध फुटतो. हे काम म्हाताऱ्याचं. आठवण गेली, मुलाचं नाव गेलं, नातवंडं गेली, पण अंगातली भरती गेली नाही. “उधान आयलं का तो जातोय,” ती म्हणाली. यापूर्वी चार वेळा गेला होता, आणि खालच्या खाडीवरूनच परत आणला होता. आता खाली भिंत बांधली आहे, पलीकडे कामाचा पत्रा ठोकलाय. वाट नाही.

“हे तुम्ही मुलाला नाही सांगितलंत?”

“सांगितलं. तो बोलला, आई, आता मिठागरं कुठं रायलीत.”

आता माझी पंचाईत झाली. म्हातारीचं म्हणणं मला आवडलं होतं. ऐकल्याबरोबर खरं वाटलं होतं. काकूंचं म्हणणं साहेबांनाही असंच ऐकल्याबरोबर खरं वाटलं होतं. जो न्याय काकूंना, तोच म्हातारीला. मी मुलाला हाक मारली आणि त्याचा फोन मागितला. दर वेळी बाप सापडला की त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर “बाबा मिळाले” असा निरोप टाकला होता. चार निरोप, चार तारखा. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या वर्षीचं गाद्यांखालून मिळालं, आणि तिथी बघितल्या. एक अमावास्या. एक पौर्णिमेचा दुसरा दिवस. एक पौर्णिमा. चौथी सप्तमी निघाली.

“ही नाही जुळत, आजी.”

“त्या दिशी पोराशी भांडला व्हता,” म्हातारी म्हणाली. मुलगा खाली बघू लागला.

ते कारण मी धरलं नाही. चुकलेलं ते चुकलेलं. तरी हिशेब असा: अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्हींचा आधीचा आणि नंतरचा दिवस धरला, तर महिन्यात असे सहा दिवस. नुसत्या योगायोगाने पाचांत एकदा जुळेल. इथे चारांत तीन, आणि हे या वेळचं धरलं तर पाचांत चार. या मालाला मी कारखान्यात पुढे जाऊ दिलं असतं.

“तरुणपणी कुठल्या आगरात होते?”

“आधी हितं. हितलं बंद झालं तवा खाडीच्या पल्याड, मुलुंडच्या खालती. ह्यो पोरगा पालन्यात व्हता तवा. मी रोज भाकर घेऊन जायची, होडीनं.”

आता मधे पूल आहे, पायाने ठणठणीत माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो. मंगळवारी दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा. भरती दुपारी एकच्या सुमारास. एरवी त्या पसरलेल्या आगरांत माणूस कुठे असेल सांगता येत नव्हतं, भरतीला मात्र तो उघाडीपाशीच यायला हवा. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मॅडम, हे तर अंदाजच झाले.” मी म्हटलं, “हो. म्हणून आधी लिहून ठेवते.” कागदावर लिहिलं: मंगळवार, मुलुंडखालची मिठागरं, भरतीची वेळ, माणूस येईल. पाकिटात घालून चिकटवलं, वर साहेबांची सही घेतली.

मुलाच्या गाडीतून चौघं गेलो: तो, म्हातारी, फिरतीवरचा माणूस आणि मी. गाडी जिथे थांबते तिथून पुढे बांधावरून चालायचं. बरीचशी आगरं ओसाड, कडेने तिवरं माजलेली. म्हातारी सगळ्यांच्या पुढे. हातात फडक्यात बांधलेला डबा. मी विचारलं नाही कुणासाठी.

साडेअकरापासून उभे होतो. पाणी चढत होतं, आवाज न करता, पायाखालच्या भेगांतून. साडेबारा झाले. मुलगा दोनदा घड्याळ बघून झाला होता. मी मनाची तयारी ठेवली होती: नाही आला, तर पाकिटावर लिहायचं, नाही आला. मग बुधवारचं काय, ते मात्र माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं.

एकला दहा कमी असताना तिवरांच्या आडून एक म्हातारा निघाला. अंगात दुसऱ्याचा ढगळ शर्ट, खांद्यावर फावडं. कुणाकडेही न बघता तो मोडक्या उघाडीपाशी गेला आणि पाण्यात उतरला. पाठोपाठ आगराचा पहारेकरी. आम्हाला बघून तो घाबरला.

“हमने पूछा था, साहब,” तो मुलाला म्हणाला. “बोले, मुकादम ने भेजा है. खाना हमारे साथ खाते हैं. बाकी दिन सोते हैं, पानी चढ़ता है तो निकलते हैं. बाँध भी ठीक कर दिया.”

मुलगा पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हातारी काठापर्यंत गेली. म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे.

“येवढा उशीर?” तो म्हणाला. “भरती कवाची चढली.”

“वाटेत कामं व्हती,” ती म्हणाली. “आदी उघाडी लाव. मंग जेव.”

त्याने फळी बसवली, फावड्याने चिखल थापला, हात धुतले आणि बांधावर बसून जेवला. तोपर्यंत कुणीही निघायची घाई केली नाही.

ऑफिसात साहेब वही उघडून बसले होते. “काय म्हणा, पाणी होतंच,” ते म्हणाले. “लोखंडही असेल आसपास.” मी काकूंचा सही केलेला कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, “मोठ्याने वाचा.” साहेबांनी वाचलं. नदी. शहाड. जिवंत नाही. मग स्वतःच ड्रॉवर उघडून वही आत टाकली. ती पुन्हा बाहेर आली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवला: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत.

काकूंकडे मी पेढे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “मला अजून दिसतं. पण आता सांगत नाही.” पेढा घेतला. दुसराही घेतला.

कळव्याला आता घरातल्यांनीच सोय केली आहे. उधाणाच्या दिवशी मुलगा सकाळीच गाडी खाली लावतो, म्हातारी डबा भरते आणि दोघांना मुलुंडला नेऊन आणतो. आदल्या दिवशी म्हातारी मला फोन करते: “बाय, उद्या तो निंगनार. लिव.” मी लिहून पाकीट बंद करते. आतापर्यंत सात पाकिटं झाली. सहा वेळा बरोबर. एकदा म्हातारा दाराकडे फिरकलासुद्धा नाही, दिवसभर गॅलरीत बसून राहिला, आणि डबा दोघांनी तिथेच बसून खाल्ला.

तेही लिहिलं आहे.